आठवी ‘क’चा मागचा बाक

किस्से जमवायला कुठं जावं लागत नाही. बी.एड. कॉलेजात नोकरी धरावी आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून राहावं. माझी उमेदीची सगळी वर्षं अशीच गेली, म्हणून सांगतो. ज्ञान किती जमलं ते विचारू नका. किस्से मात्र केरासारखे साठत गेले, झाडायला कोणी नव्हतं म्हणून.

आमचं कॉलेज धुळ्याला. शिक्षक व्हायला आलेल्या मुलामुलींना आम्ही छात्राध्यापक म्हणायचो. ते गावातल्या शाळांत जाऊन सराव पाठ घ्यायचे. म्हणजे वर्ग शाळेचा, शिकवणारा कॉलेजचा, पदवी विद्यापीठाची. आणि मागच्या बाकावर बसून निरीक्षण लिहिणारा मी. तसा मी तिघांचाही होतो, आणि खरं सांगायचं तर कोणाचाच नव्हतो. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथं तर तीन घरं होती.

बायको जळगावकडच्या झेडपीच्या शाळेत मास्तरीण. तिची बदली धुळ्याला होईना आणि मला जळगावात जागा मिळेना. मी धुळ्यातच, देवपुरात एक खोली घेऊन राहायचो. रोज काहीतरी घडायचं आणि सांगायला खोलीत फक्त स्टोव्ह. शनिवारी एस.टी.नं पारोळा, एरंडोल करत घरी पोचेपर्यंत किस्सा शिळा झालेला असायचा. सोमवारचा किस्सा शनिवारी सांगून बघा. समोरचं माणूस हसतं, पण ते आपलं मन राखायला.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला एक वर्ग हवा होता. माझा स्वतःचा. जिथं मागं कोणी बसलेलं नाही, कोणी काही लिहून घेत नाही, मी आहे आणि मुलं आहेत. कॉलेजात येण्यापूर्वी जळगावला एका शाळेत शिकवत होतो, पण ती जागा एका बाईंच्या बाळंतपणाच्या रजेची. बाळ झालं, बाई परत आल्या, माझा वर्ग गेला. मला पेढा मिळाला.

तुम्ही म्हणाल, प्राध्यापक आदर्श पाठ देतात की! देतात. दरवर्षी शाळेतली मुलं रांगेनं कॉलेजच्या हॉलमध्ये आणायची, समोर बसवायची, आणि मागं झाडून सगळे छात्राध्यापक वह्या उघडून. मी एक प्रश्न विचारला की मागं पानांचा सळसळाट. पाठ संपल्यावर एकदा एका मुलानं शेजारच्या छात्राध्यापिकेला विचारलं, “ताई, ह्या सरला किती मार्क भेटले?”

तिनं बिचारीनं खरंच माझ्याकडे बघितलं.

*

आमच्या सराव पाठांची मुख्य शाळा गावाच्या कडेला होती. तिथले हेडमास्तर म्हणजे नाना. सगळं गाव त्यांना नानाच म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. धोतर-कोट जाऊन पँट-शर्ट आला तरी टोपी सोडली नाही, असा माणूस. त्यांचा नियम एकच. कॉलेजला वर्ग द्यायचा तो आठवी ‘क’, आणि धडे द्यायचे ते त्यांच्या शिक्षकांनी आधीच शिकवून झालेले.

“तुमची पोरं शिकायला येतात सर,” नाना म्हणायचे. “शिकणाऱ्याच्या हातात नवं कापड देत नाही शिंपी.”

बोलणं बिनतोड होतं. पण त्यामुळे आठवी ‘क’ला एकच धडा वर्षात कितीतरी वेळा व्हायचा. आधी शाळेचे सर शिकवणार, मग आमची रांग. एक ज्वालामुखीचा धडा होता. आमच्या प्रत्येक छात्राध्यापकाला तोच हवा असायचा, कारण प्रतिकृती करता येते.

चाळीसगावचा एक मुलगा, मोठा मन लावून काम करणारा. त्यानं शाडूच्या मातीचा ज्वालामुखी बनवला, रंगवला, खोक्यात घातला आणि सकाळच्या पॅसेंजरनं धुळ्याला निघाला. शिरूड स्टेशनला गाडीत गर्दी झाली आणि एका बाईनं खोक्यावर गाठोडं ठेवलं. वर्गात येऊन त्यानं खोकं उघडलं तर आत डोंगर नाही, पठार!

तो टेबलापाशी नुसता उभा. घामानं शर्ट ओला. मी मागच्या बाकावर, हातात पेन. नियमाप्रमाणे मी बोलायचं नाही. तेवढ्यात पहिल्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि अहिराणीत म्हणाला,

“सर, तुमना फुटना तं फुटू द्या. आमना कपाटमा अजून शेतस.”

कपाट उघडलं. आधीच्या पाठांचे ज्वालामुखी ओळीनं ठेवलेले. त्यानं त्यातल्या त्यात मोठा काढून टेबलावर ठेवला आणि वर सल्ला दिला, “हाऊ घ्या. याना सरले चांगला शेरा मियना व्हता.”

*

आठवी ‘क’ची मुलं सराव पाठात इतकी मुरली होती की प्रस्तावना, हेतुकथन, संकलन, सगळ्या पायऱ्या त्यांना तोंडपाठ. नरडाण्याची एक मुलगी पहिल्यांदाच पाठाला उभी राहिली. भीतीनं तिची प्रस्तावना राहूनच गेली आणि तिनं एकदम फळ्यावर पाठाचं नाव लिहिलं. वर्गात कुजबुज सुरू झाली. शेवटी एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, आधी आमले प्रश्न इचारा. मंग आमले जमत नही. मंग नाव लिखा.”

तिनं नाव पुसलं, प्रश्न विचारले, पद्धतीप्रमाणे न जमण्यासाठीच असलेला शेवटचा प्रश्न मुलांना जमला नाही, आणि पाठ मार्गी लागला. मी शेऱ्यात लिहिलं, ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम.’

पण या वर्गाची खरी सवय वेगळीच होती. शिकवणाऱ्यानं प्रश्न विचारला की मुलं आधी मागं वळून माझ्याकडे बघायची. अख्खा वर्ग. माझा चेहरा कसा आहे, पेन चालतंय का, चष्मा वर गेलाय का. शिकवणारा आवडता असेल आणि माझ्या कपाळावर आठी दिसली, तर दहा हात वर व्हायचे, त्याला सांभाळून घ्यायला. छडी घेऊन येणारा असेल, तर त्याच आठीवर सगळे गप्प. एकानं विचारलं, “समजलं का?” तर सगळी तोंडं माझ्याकडे. मी मान हलवली असती तर समजलं असतं.

मी चेहरा कोरा ठेवायला शिकलो. ते सोपं नाही. कारण एक सांगू? दिवसभरात माझ्या चेहऱ्याकडे इतक्या निरखून बघणारं त्या गावात दुसरं कोणीच नव्हतं. खोलीवर गेल्यावर मला त्या मुलांच्या वळलेल्या माना आठवायच्या आणि बरं वाटायचं. मग वाटायचं, ते माझ्याकडे थोडेच बघतात? ते निरीक्षकाकडे बघतात.

*

फोटोचा किस्सा यातलाच. शाळेचा वार्षिक ग्रुप फोटो डिसेंबरात निघायचा. एका वर्षी बाकं कमी पडली म्हणून शिपाई आठवी ‘क’त आला आणि म्हणाला, “सर, जरा उठता का? बाक बाहेर पाहिजे.” मी उठलो. इतकंच नाही, बाकाची दुसरी बाजू धरून अंगणात आणूनही दिला.

फोटोग्राफरनं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं. “साहेब, तुम्ही थोडे बाजूला व्हा. शाळेच्या लोकांचा फोटो आहे.”

बरोबरच होतं त्याचं. मी झाडाखाली उभा राहून माझ्या बाकावर सगळे शिक्षक बसलेले बघितले.

कॉलेजचा ग्रुप फोटो निघाला तेव्हा मी सराव पाठाला शाळेत होतो. कोणालातरी जावंच लागतं. परत आलो तर तोच फोटोग्राफर सायकलला तिवई बांधत होता. मला बघून ओळखीचं हसला.

“साहेब,” त्यानं अगदी आपुलकीनं विचारलं, “तुम्ही कोणत्या फोटोत असता?”

*

हा किस्सा मी त्या शनिवारी घरी सांगितला. बायको हसली आणि मग जास्तच वेळ भाकरी थापत राहिली. मुलगी तेव्हा पहिलीत. तिचा खेळ शाळेचा. भिंतीला टेकून बाहुली, उशी, तांब्या आणि शेजारची दोन पोरं बसवली होती. मी म्हटलं, मला पण घे वर्गात.

“या ना बाबा,” ती म्हणाली आणि दाराजवळ बोट दाखवलं. “तुम्ही तिथं मागं बसा. आणि लिहा.”

मी म्हटलं, “मला पुढं बसायचंय. मला शिकव.”

तिला ते पटेना. बाबा मागं बसतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी दाराजवळ बसलो. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, “घरात तरी पुढं बसायचं होतं.”

बाहुलीला मात्र त्या दिवशी बाराखडी आली.

*

वर्षातून एक आठवडा शाळा आमच्या छात्राध्यापकांच्या हवाली व्हायची. सगळे तास त्यांचे, घंटा त्यांची, हेडमास्तरसुद्धा त्यांच्यातलाच एक. शाळेचे शिक्षक त्या आठवड्यात घरी शेंगा फोडायचे.

एका वर्षीचा हेडमास्तर वरणगावचा. वडील तिथल्या फॅक्टरीत, त्यामुळे भोंग्याबरोबर फाटक बंद होताना बघतच वाढलेला. पहिल्याच दिवशी त्यानं घंटेला फाटक लावलं आणि किल्ली खिशात टाकली. पाच-सात मुलं बाहेर राहिली, आणि त्यांच्यामागं टोपी घातलेले एक गृहस्थ.

“उघड रे बाबा,” नाना म्हणाले. “मी आहे.”

मुलगा फाटकापाशी गेला. हात जोडले. “नाना, तुमचा मान आहे. पण या आठवड्यात तुम्ही नाही आहात.”

शिक्षा म्हणून मुलांना बाहेर दहा मिनिटं उभं केलं होतं. त्यांच्याबरोबर नानाही उभे राहिले. आत आले ते थेट आठवी ‘क’त, माझ्या बाकावर. मी सरकून जागा दिली. पुढं पाठ चालू होता. नाना थोडा वेळ ऐकत बसले, मग हळूच म्हणाले, “घरी बसवत नाही सर. मंडळी गेल्यापासून घर खायला उठतं. इथं घंटा तरी वाजते.”

नानांची बायको त्याच दिवाळीत गेली होती. मला माहीत होतं. पण आमची ओळख निरीक्षणाच्या वेळापत्रकापुरती, त्यामुळे मी कधी विषय काढला नव्हता. त्या आठवड्यात नाना रोज माझ्या शेजारी येऊन बसायचे. मुलं मागं वळली की आता दोन चेहरे. त्यांची फार पंचाईत व्हायची, कारण नाना हसून घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी मी मनातलं बोललो. “नाना, मला एकदा वर्ग द्या. एकच तास. माझा म्हणून. मागं कोणी नको, निरीक्षण नको.”

नानांनी माझ्याकडे बघितलं. हसले नाहीत.

“देतो,” ते म्हणाले. “पण या आठवड्यात मी हेडमास्तर नाही.”

*

तो आठवडा संपला आणि नाना हेडमास्तर झाले, पण माझा तास काही निघेना. शाळा म्हणायची, कॉलेजचं पत्र आणा. कॉलेज म्हणायचं, प्राध्यापकानं शाळेत शिकवायची तरतूद विद्यापीठात नाही. विद्यापीठ तेव्हा लांब पुण्याला. मग ते जळगावला आलं. आम्हाला वाटलं, आता सगळं घरचंच झालं. झालं एवढंच की तपासायला येणारे साहेब सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळी परत जाऊ लागले.

असेच एक साहेब वार्षिक पाठ परीक्षेला आले. त्या दिवशी शाळेनं आठवी ‘क’ला मैदानात खेळायला सोडलं होतं. शाळेची अब्रू म्हणून प्रत्येक तुकडीतली हुशार मुलं वेचून एका वर्गात बसवलेली. साहेबांनी एका मुलाला विचारलं, “तुझी तुकडी कोणती?” तो म्हणाला, “अ.” शेजारचा म्हणाला, “ब.” मागची मुलगी तर नववीतली निघाली.

साहेबांनी नानांकडे वळून विचारलं, “हा वर्ग कोणता आहे नक्की?”

“हा विद्यापीठाचा वर्ग आहे साहेब,” नाना शांतपणे म्हणाले. “शाळेचा मैदानात आहे.”

साहेब मोठ्या मनाचे असावेत, कारण त्याच वर्षी शाळा आणि विद्यापीठ यांचं सहकार्य वाढावं म्हणून जळगावला सभा झाली तेव्हा त्यांनी नानांना बोलायला उठवलं. व्यासपीठावर विद्यापीठ, समोर हेडमास्तर लोक, आणि मी अर्थात शेवटच्या रांगेत. विचारलं, शाळेला विद्यापीठाकडून काय हवं? सगळ्यांना वाटलं, इमारत मागतील, प्रयोगशाळा मागतील.

नानांनी टोपी नीट केली. “काही नको. आमच्या आठवी ‘क’ला वर्षातून एकदा तरी न झालेला धडा शिकवा.”

लोक हसले. मला हसू आलं नाही. आधी कोणी न वापरलेलं असं काही त्या मुलांच्या वाट्याला येत नव्हतं, आणि माझ्याही. परतीच्या एस.टी.त नाना खिडकीशी बसले होते. मुकटी गाव मागं पडल्यावर म्हणाले, “सर, मी जानेवारीअखेर रिटायर होतोय. त्याच्या आत तुमचा तास घेऊन टाका. पत्र-बित्र मरू द्या.”

*

तो तास जानेवारीच्या शेवटच्या दिवशी झाला. सराव पाठ संपलेले, छात्राध्यापक परीक्षेच्या तयारीला लागलेले. दुपारी नानांचा निरोप समारंभ होता, म्हणून शाळेत हारांचा वास. नाना मला आठवी ‘क’च्या दारापर्यंत पोचवायला आले.

“मी बसू मागं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “नको नाना.”

“बरोबर,” ते म्हणाले आणि दार ओढून घेऊन गेले.

मी धडा असा निवडला होता की जो त्या वर्गात कोणीच शिकवलेला नव्हता. आपल्या गावाच्या पांझरा नदीचा. ती कुठून निघते, वाटेत कोणाकोणाला पाणी पाजते आणि कुठं जाऊन मिळते. पुस्तकात नव्हताच तो. टाचण काढलं नाही, तक्ता नाही, प्रतिकृती नाही. सकाळी दाढी दोनदा केली, हे सांगायला हरकत नाही. इतकी वर्षं मी नवशिक्यांच्या वहीत ‘आत्मविश्वास वाढवावा’ असं लिहीत आलो होतो.

मुलं उभी राहिली. “नमस्ते सर.” मी बसा म्हटलं. बसली. सगळे चेहरे माझ्याकडे, म्हणजे पहिल्यांदाच समोरून. इतके दिवस मी त्या वर्गाचे टाळू आणि वेण्याच ओळखत होतो.

मी पहिला प्रश्न विचारला. “आपली पांझरा येते कुठून?”

एकही हात वर झाला नाही. आणि सवयीनं सगळ्या माना मागं वळल्या.

शेवटचा बाक रिकामा होता. मुलं त्या बाकाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग पुन्हा बाकाकडे. मी प्रश्न परत विचारला, थोडा सोपा करून. पुन्हा तेच. कोणी हसत नव्हतं, कोणी वात्रटपणा करत नव्हतं. उलट सगळे काळजीत दिसत होते, फुटलेला ज्वालामुखी पाहिला तेव्हा होते तसे.

दुसऱ्या बाकावर रंजना नावाची मुलगी होती. प्रस्तावना राहून गेलेल्या बाईंना सांभाळून घेणारी तीच. ती उठली. आवाज अगदी हळू, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असा.

“सर, मांगे तं कोनीच बठेल नही शे. मंग तुमना पाठ कसा व्हई?”

मी रिकाम्या बाकाकडे बघितलं. 

 तिनं दप्तर काखेत मारलं, दोन रांगांच्या मधून चालत गेली आणि माझ्या जागेवर बसली. वही काढली, उघडून बाकावर ठेवली. पेन्सिल हातात घेतली. चेहरा कोरा केला.

“मी बठस आठे,” ती म्हणाली. “आते करा सुरू.”